चावी

माझी चावी साडेचार फुटांची, लोखंडी.
तिला जगातलं एकही कुलूप लागत नाही.
रस्त्यातलं झाकण उचलायचं, खड्ड्यात सोडायची,
चौदा आटे डावीकडे.
मग जमिनीखाली कुणीतरी खाकरतं
आणि बायका ओरडतात, नळ आले!

आले म्हणतात. पाहुणे आल्यासारखं.
तांडापेठेत हे तिसरं वर्ष,
पाहुणे दिवसाआड येतात,
चाळीस मिनिटं टेकतात,
त्याआधी निरोप म्हणून नुसती हवा पाठवतात.
मीटर हवेवरही फिरतो.
निमजे गुरुजी बिल नाचवत येतात,
'भाऊ, एवढी हवा आम्ही खाल्ली कधी?'

इथे घराघरात माग होते.
जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून माणूस दिवसभर विणायचा.
माग भंगारात गेले. खड्डे कोण नेणार?
आता त्यांत निळे ड्रम उभे, गळ्यापर्यंत पुरलेले,
वर पाट, पाटावर वीट.
रात्री कुणी उठलं तर भिंत धरून चालतं,
पाय मोडेल म्हणून नाही,
ड्रम कलंडेल म्हणून.

कूलर कोरडेच.
एकाच्या गवतात चिमणीनं घर केलंय,
पोरं खालून मोजतात, किती अंडी.
दुपारी माणसं ओला दुपट्टा अंगावर घेऊन पडतात
आणि तो पिळत नाहीत.

नवतप्याच्या चौथ्या दिवशी, पहाटे तीनला,
दोन नंबर गल्लीत गोपिकाबाई सोनकुसरे गेल्या.
पाचला त्यांच्या गल्लीचा नळ.
गल्लीनं आधी त्यांच्या दारातल्या बादल्या भरल्या,
मग आपल्या.
पण म्हातारीला न्हाऊ घालायचं, घर धुवायचं,
मयतीला आलेल्या सगळ्यांच्या डोक्यावरून पाणी जायचं.
चाळीस मिनिटांत किती मावतं?

बंद करायची वेळ झाली तेव्हा
त्यांचा धनराज येऊन उभा राहिला.
मला वाटलं, रडेल. हात जोडेल.
त्यानं विचारलं, 'किती आटे असतात काका?'
'चौदा.'
'हळूच करजा.'

मी चौदा आटे अठरा मिनिटांत फिरवले.
खांद्याला कळ लागेपर्यंत हळू.
इतक्या हळू तर कधी झोपलेल्या लेकराचा हातही
मानेखालून काढला नव्हता.

ती अठरा मिनिटं तीन नंबर गल्लीची होती.

परवा तिथल्या कौसल्या पराते हंडा टेकवून थांबल्या.
'काऊन भाऊ, त्या दिवशी आमचे नळ लवकर गेले?'
'हवा भरली होती लाइनीत.'
'हवा,' त्या म्हणाल्या,
जसा त्या नावाचा माणूस त्यांच्या ओळखीचा असावा.
त्याही मयतीला आल्या होत्या.
सोनकुसऱ्यांच्या अंगणात दोन तांबे
डोक्यावरून घेतले होते, लुगड्यासकट.
त्यांचंच पाणी.
मी सांगितलं नाही.
रजिस्टरात लिहिलं होतं:
गल्ली दोन, चाळीस. गल्ली तीन, चाळीस.
अक्षर चांगलं आलं होतं.

मी राहतो वाठोड्याच्याही पुढे, लेआउटमध्ये.
आमच्या रस्त्याखाली पाइपच नाही,
तिथे माझी चावी म्हणजे नुसती काठी.
टँकर मंगळवारी, नाहीतर बुधवारी.
ड्रमला साखळी, साखळीला कुलूप,
कुलपाची बोटभर चावी वच्छलाच्या मंगळसूत्रात.
ती कुशीवर वळली की वाजते,
आणि शेजारचं कुत्रं कान टवकारतं.

मी घरी आलो की ती तांब्या पुढे करते,
'हाताला लोखंडाचा वास येते तुमच्या.'
मी बोटांची टोकं तेवढी ओली करतो.
तांब्यातलं उरलेलं ती
दिव्याजवळ धरून बघते,
आणि कुलूप काढून
परत ड्रममध्ये ओतते.